पन्नास गिनींचं घड्याळ

सप्टेंबर जवळ आला की इथल्या मराठी घरांत दोन आगमनांची चर्चा एकदमच सुरू होते. एक गणरायाचं आणि दुसरं नव्या फोनचं. तिथीप्रमाणे बाप्पा कधी ऑगस्टअखेरीस येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. अ‍ॅपलचा नवा फोन मात्र सप्टेंबर सहसा चुकवत नाही. त्यामुळे मंडळाच्या उत्सवात आरती संपून महाप्रसादाची रांग लागली, की मसालेभात ताटात पडायच्या आधीच "यंदा कॅमेरा काय म्हणतोय?" हा प्रश्न येतोच. मग कुणी मेगापिक्सेल सांगतो, कुणी चिपचा क्रमांक. अँड्रॉइडवाले आणि अ‍ॅपलवाले यांच्यात जुना भाऊबंदकीचा वाद नव्याने रंगतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या एखाद्या आजी हळूच विचारतात, "अरे, पण फोन नीट लागतो ना?"

सगळे हसतात. पण आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हजार-बाराशे डॉलरची वस्तू "चांगली आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय मोजत असतो? जे मोजतो, ते मोजण्याजोगं असतं का? आणि जे मोजायला हवं, ते आपल्या मोजमापात येतं का? वरवर हा तंत्रज्ञानाचा प्रश्न वाटतो, पण थोडं खोलात गेलं की तो विवेकाचा प्रश्न होतो.

अ‍ॅडम स्मिथ हे नाव आपल्याला अर्थशास्त्रामुळे माहीत असतं. "वेल्थ ऑफ नेशन्स" हा त्यांचा ग्रंथ १७७६ सालचा. पण त्याच्या सतरा वर्षं आधी, १७५९ मध्ये, त्यांनी नीतिविचारावर "थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स" नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात एक घड्याळवेडा गृहस्थ भेटतो. त्याचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटांहून थोडं जास्त मागे पडतं. ते काही त्याला खपत नाही. तो ते दोनेक गिनींना विकून टाकतो आणि पन्नास गिनी मोजून असं घड्याळ घेतो, जे पंधरवड्यात मिनिटभरही मागे पडत नाही. आता घड्याळाचं काम काय? किती वाजले हे सांगणं आणि दिलेली वेळ पाळायला मदत करणं. पण हा गृहस्थ इतरांपेक्षा वेळेचा अधिक पक्का असतो, असं काही दिसत नाही, असा स्मिथ यांचा शेरा आहे. त्याला ओढ असते ती यंत्राच्या नेमकेपणाची. वेळ पाळण्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. माणसं अशा छोट्या छोट्या सोयींनी खिसे भरतात, आणखी सामान मावावं म्हणून नवे खिसे शिवून घेतात, असंही त्यांनी गमतीने लिहिलं आहे.

अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचताना आपला हात नकळत स्वतःच्या खिशाकडे जातो.

आकडे आणि डोळे

आपण ज्या आकड्यांवर भाळतो, त्यांच्याकडे जरा नीट पाहू. २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २४ अल्ट्रा बाजारात आला, १३०० डॉलरना. त्याचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा. आकडा छाती दडपवणारा आहे खरा. पण एवढ्याशा सेन्सरवर २० कोटी ठिपके बसवायचे, तर प्रत्येक ठिपका अतिसूक्ष्म होतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश फारच थोडा येतो. म्हणून फोन एरवी सोळा-सोळा शेजारी ठिपके एकत्र करून त्यांचा एक ठिपका बनवतो आणि आपल्या हाती येतो तो साधारण बारा मेगापिक्सेलचा फोटो. यात फसवणूक काही नाही, अभियांत्रिकी म्हणून ही युक्ती उत्तमच आहे. पण आपल्याला हवं असतं किती? आपल्या दिवाणखान्यातला फोर-के टीव्ही सव्वाआठ मेगापिक्सेलच्या आसपास दाखवतो. या स्मरणिकेच्या आकाराचं अख्खं पान भरून फोटो छापायचा, तरी नऊ मेगापिक्सेल पुरतात. आणि आपले बहुतेक फोटो जिथे जातात त्या व्हॉट्सअ‍ॅपवर ते लहान करूनच पाठवले जातात.

पडद्याचंही तेच. २०१० साली आयफोन ४ आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर इंचाला ३२६ ठिपके होते. फोन हातभर अंतराच्या आत, दहा-बारा इंचांवर धरला तर तीनशेच्या पुढचे ठिपके डोळ्याला सुटे दिसत नाहीत, असं स्टीव्ह जॉब्ज यांनी तेव्हा व्यासपीठावरून सांगितलं होतं. आज अनेक महाग फोनमध्ये हाच आकडा साडेचारशेच्या पुढे गेला आहे. डोळे मात्र तेच आहेत. आपल्या पिढीचे तर चाळिशी लागलेले.

चिपची गोष्ट थोडी वेगळी. २०२३ च्या आयफोन १५ प्रो मधल्या चिपवर १९ अब्ज ट्रान्झिस्टर होते. एवढी ताकद घेऊन आपण करतो काय? आईशी व्हिडिओवर बोलतो, भिशीचा हिशेब ठेवतो, क्रिकेटचा स्कोअर पाहतो आणि आलेले सुविचार पुढे ढकलतो. ही कामं करताना त्या चिपचा बहुतांश भाग आराम करत असतो. तरीही चिपला मी स्मिथ यांच्या घड्याळाच्या रांगेत लगेच बसवणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

त्याआधी आणखी एका गुणाकडे पाहायला हवं, कारण तिथे आकडाही उपयोगी पडत नाही. आजचा फोन एका फोटोसाठी पटापट अनेक चित्रं टिपतो आणि ती जुळवून एक बनवतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचा पिक्सेल ८ आला, त्यात याची पुढची पायरी होती. एकापाठोपाठ घेतलेल्या समूहफोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एकच फोटो तयार करता येतो. ज्याचे डोळे मिटले होते त्याचे उघडे, जो तोंड वाकडं करत होता तो हसरा. सगळे एकाच वेळी हसले असा क्षण प्रत्यक्षात घडलेलाच नसतो. मग हा फोटो चांगला म्हणायचा का? देखणा म्हणायला हरकत नाही. पण घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोत एक काका हटकून दुसरीकडेच बघत असतात आणि त्याच कारणाने पुढच्या तीन पिढ्या त्यांना ओळखतात. फोटो आठवण म्हणून हवा की शोभा म्हणून, हे ठरवल्याशिवाय कॅमेऱ्याला गुण देता येत नाहीत. आणि ते ठरवणं कॅमेऱ्याच्या हातात नाही.

पितळी पातेलं

इथवर वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे स्वस्तातला फोन घ्या, साधेपणाने राहा, हाच तुमचा उपदेश ना?" नाही. इतकं सोपं उत्तर असतं तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

पतंजलींनी यमांमध्ये अपरिग्रह सांगितला आणि नियमांमध्ये संतोष. अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे साठा न करणं. कमअस्सल वस्तू वापरण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात भांडी मोजकी असत, पण जी असत ती जाडजूड पितळेची. घेताना महाग पडायची, पण सासूकडून सुनेकडे जायची. ठरावीक दिवसांनी कल्हईवाला यायचा आणि पातेलं पुन्हा लख्ख व्हायचं. त्या जाडीचा रोजच्या आमटीला काही उपयोग होता का? फारसा नाही. पण पंचवीस वर्षांनी पातेलं तळाशी फुटलं नाही, ते त्या जाडीमुळेच.

महाग फोनमधली न वापरलेली ताकद ही अशी जाडी असू शकते. आज आराम करणारी चिप सहाव्या वर्षीच्या सॉफ्टवेअरचं ओझं पेलू शकते. पण त्यासाठी सहावं वर्ष उजाडावं लागतं! दोन वर्षांत फोन बदलणाऱ्याने जाड पातेल्याचे पैसे मोजलेले असतात आणि वापर मात्र पत्रावळीसारखा केलेला असतो.

हिशेब सोपा आहे. बाराशे डॉलरचा फोन दोन वर्षांनी बदलला, तर वर्षाला सहाशे डॉलर पडले. तोच सहा वर्षं वापरला तर दोनशे. आणि सहाशे डॉलरचा साधा फोन तीन वर्षं टिकवला, तरी दोनशेच. म्हणजे फोन महाग की स्वस्त, याचं निम्मं उत्तर दुकानातल्या पाटीवर असतं आणि निम्मं आपल्या वागण्यात. यावर "मी जुना फोन विकतो, तो दुसऱ्या कुणाच्या कामी येतो" असं कुणी म्हणालं, तर ते रास्तच आहे. फोनचं आयुष्य पुढे चालू राहतं. प्रश्न आहे तो टेबलाच्या खणात चार्जरांच्या गुंत्यात झोपलेल्या दोन-तीन फोनांचा.

या दृष्टीने पाहिलं, तर गेल्या काही वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे बदल महाप्रसादाच्या रांगेत कधीच चर्चेला येत नाहीत. गूगलने पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने एस २४ मालिकेसाठी सात वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देण्याचं वचन दिलं. बॅटरी म्हणजे फोनमधला झिजणारा भाग. रसायनशास्त्रच तसं आहे. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी पूर्ण चार्जची ५०० आवर्तनं झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल, असं अ‍ॅपल सांगत असे. आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला की फोनची बॅटरी ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के राहिली पाहिजे. शिवाय विक्री थांबल्यावर पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत आणि फोन दुरुस्तीला किती सोपा आहे, याची श्रेणी खोक्यावरच्या लेबलावर छापली पाहिजे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार शंभर डॉलर आणि त्यापुढच्या अशा उपकरणांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती सात वर्षं उपलब्ध ठेवावी लागते.

बॅटरी बदलणं ही फोनची कल्हईच आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की जुन्या, थकलेल्या बॅटरीचा फोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. ग्राहकांना हे आधी स्पष्ट सांगितलेलं नव्हतं म्हणून गदारोळ झाला आणि कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. अनेकांना तेव्हा कळलं की जो फोन म्हातारा झाला असं आपण समजत होतो, तो नुसता भुकेला होता. नव्या फोनची गरज नव्हती, नवी बॅटरी पुरेशी होती. वस्तूविषयीचं अज्ञान आपल्या खिशाला आणि विवेकाला दोघांनाही महागात पडतं, ते असं.

किमतीत न दिसणारे हात

मोजमापातून हमखास सुटणारी दुसरी बाजू म्हणजे फोन आपल्या हाती येण्यापूर्वीचे आणि आपल्या हातून गेल्यानंतरचे हात. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टपैकी जगात निघणारा बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोमधून येतो. तिथल्या हातांनी खणलेल्या खाणींत लहान मुलंही राबतात, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ मध्ये अहवाल काढून जगापुढे मांडलं. त्यानंतर कंपन्यांनी पुनर्वापरातला कोबाल्ट वापरायला, पुरवठादार तपासायला सुरुवात केली, हे मान्य करायला हवं. पण प्रश्न संपलेला नाही. दुसऱ्या टोकाला, संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो वापरताना होत नाही, बनवतानाच होऊन गेलेला असतो. त्यामुळे "विजेची बचत करणारा नवा फोन" घेऊन पर्यावरणाचं भलं होत नाही. आहे तो फोन आणखी दोन वर्षं चालवला, तर होतं. यात अपराधीपणाने कपाळ बडवण्याचं कारण नाही. ज्या वस्तूसाठी इतक्यांनी इतकं सोसलं, तिला लवकर टाकून न देणं हा साधा सभ्यपणा आहे. अन्न टाकू नये, हे आपल्याला लहानपणी याच कारणासाठी शिकवलं होतं.

फोन कुणासाठी?

परदेशस्थ मराठी माणसाला फोनची पारख आणखी एका कारणासाठी करावी लागते. भारतात जायचं ठरलं की तिकडून मागणी येते, "येताना आयफोन आण, तुमच्याकडे स्वस्त पडतो." मग बेकन-चीज नव्हे तर बदाम, चॉकलेटं आणि एक सीलबंद खोका बॅगेत जातो. पण आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमकार्ड घालायची जागाच नाही, सगळं ई-सिमवर चालतं. तिकडे वडील खिशातून जपून ठेवलेलं सिमकार्ड काढतात आणि घालायचं कुठे म्हणून फोन उलटासुलटा करत बसतात. ई-सिम करून घेता येतं, अडत नाही. पण इथल्या तुलनेत पहिला आलेला फोन तिथल्या दिवाणखान्यात पहिल्याच परीक्षेत अडखळला.

एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या आईसाठी उत्तम फोन कोणता? जिची बोटं आयुष्यभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून झिजली आहेत, तिचा ठसा सेन्सरला अनेकदा ओळखता येत नाही. तिला हवा मोठा आवाज, मोठी अक्षरं, पटकन उघडणारा पडदा, मराठीत बोललेलं लिहून घेणारा कळफलक आणि हातातून निसटणार नाही असं वजन. टायटॅनियमची चौकट तिच्या कामाची नाही. आणि तिला खरोखर हवी असलेली गोष्ट तर कोणत्याच खोक्यात मिळत नाही. ती म्हणजे रविवारी सकाळी ठरल्या वेळी येणारा फोन. एका मिनिटाला कित्येक रुपये पडायचे, ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहावी लागायची, तेव्हा आवाज खरखरता असे, पण दोन्हीकडची माणसं पूर्णपणे त्या तीन मिनिटांत असत. आता चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. त्या स्वच्छ चित्रात आपली नजर मधूनच दुसरीकडे वळते, तेही आईला तितकंच स्वच्छ दिसतं.

म्हणून साधनाचा गुण आणि साध्याचा गुण या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. स्मिथ यांच्या गृहस्थाची गफलत महाग घड्याळ घेण्यात नव्हती. घड्याळाचा नेमकेपणा आपल्या अंगी आला, असं त्याने धरून चाललं, तिथे ती होती.

याची दुसरी बाजू आपल्याच इतिहासात आहे. अपरिग्रहाचं व्रत घेतलेले महात्मा गांधी कमरेला एक खिशातलं घड्याळ बाळगत. झेनिथ या नामांकित स्विस कंपनीचं, गजराचं. कमीत कमी वस्तूंत जगणाऱ्या त्या माणसाने घड्याळ मात्र चांगलं ठेवलं, कारण त्यांना ते खरोखर लागत होतं. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलण्यात वेळ गेला आणि प्रार्थनेला निघायला काही मिनिटं उशीर झाला, तेही त्यांना रुचलं नव्हतं. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये ते घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी यांचा लिलाव झाला. बोली गेली १८ लाख डॉलरवर. हे मोल काही त्या घड्याळाच्या चाकांचं किंवा चांदीचं नव्हतं.

घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलं "सगळ्यांकडे नवा फोन आहे" म्हणतात, तेव्हा आपण सहसा परवडण्याचं कारण पुढे करतो. पण मुलं हुशार असतात. परवडतं हे त्यांना माहीत असतं आणि बाबांनी गेल्याच वर्षी घेतलेला फोन यंदा बदललेला त्यांनी पाहिलेला असतो. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी आपलं मोजमाप आपल्याला माहीत हवं. यातलं मला काय लागतं, हा मी किती वर्षं वापरणार आहे, आणि याने माझं कोणतं काम अधिक चांगलं होणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं पटणारी असतील, तर तेराशे डॉलरचा फोनही खुशाल घ्यावा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उत्तरं अडखळली तर तीनशेचा फोनसुद्धा महागच.

आणि घेतला, तर मग तो चांगला वापरावा. कॅमेरा उत्तम आहे ना? मग या सुट्टीत आजोबांकडून गावाकडच्या आठवणी वदवून घ्याव्यात, आजीच्या पुरणपोळीचं प्रात्यक्षिक टिपून ठेवावं. आवाज स्वच्छ येतो ना? मग आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, दुसरं काहीही न उघडता अर्धा तास बोलावं. घड्याळ दोन गिनींचं असो की पन्नास, वेळ आपल्यालाच पाळावी लागते.